कॅम्पर हिवाळ्यासाठी बंद करताय? आधी पाईपातलं पाणी काढा, मग बाकीचं

मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओहायो किंवा वर ओंटारियोत राहत असाल आणि दारात नाहीतर स्टोरेज लॉटवर ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा कॅम्पर, उभा असेल, तर ऑक्टोबर लागला की एक काम टाळून चालत नाही, गाडी हिवाळ्यासाठी बंद करणं, इथे सगळे त्याला विंटराइझ करणं म्हणतात. आपण जिथून आलो तिकडे हे डोक्यातच नसतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, एवढाच आपला बर्फाशी संबंध. त्यामुळे पाईपात राहिलेलं वाटीभर पाणी काय करू शकतं हे नव्याने कॅम्पर घेतलेल्याला पटकन पटत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि त्याला जागा मिळाली नाही की ते भोवतीचं जे काही असेल ते फोडतं. ट्रेलरमधले पाईप हल्ली बहुतेक पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचे, असतात, ते थोडे ताणले जाऊन वाचतात सुद्धा, पण प्लॅस्टिकचे एल्बो, नळाच्या आतलं कार्ट्रिज, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, पंपाचं डोकं हे सगळं तडकतं. आणि तडकलेलं कळतं कधी, तर एप्रिलमध्ये पाणी जोडल्यावर, तोपर्यंत ते भिंतीच्या आत आणि फ्लोअरच्या प्लायवूडमध्ये मुरायला लागलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सगळा जोर पाण्यावर लावा. लोक कव्हर कुठलं घ्यायचं, वॅक्स कुठलं लावायचं यात दोन वीकेंड घालवतात आणि पाण्याचं काम अंधार पडायच्या आत घाईघाईत उरकतात, हे उलटं व्हायला पाहिजे. डीलरकडे देऊन करून घेता येतं, काही वाईट नाही त्यात, पण एक दुपार आणि दोन-तीन गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ (पाईपात भरायचं, थंडीत पाईप फुटू न देणारं द्रव) एवढंच लागतं, आणि स्वतः केलं की आपल्या गाडीतला पाईप कुठून कुठे जातो हे कळतं, ते पुढे उन्हाळ्यात रस्त्यात काही बिघडलं की फार कामाला येतं.

कधी करायचं? कॅलेंडर बघू नका, रात्रीचं तापमान बघा. एखाद्या रात्री ३०-३१ फॅरनहाइटला टेकून सकाळी वर आलं तर सहसा काही होत नाही, पण पारा २५ च्या खाली जाऊन चार-पाच तास तिथेच बसला की धोका सुरू. नवरात्राचे घट बसले की दहा दिवसांचा अंदाज रोज बघायला लागा आणि दसऱ्यानंतर पहिला मोकळा शनिवार मिळेल त्याला काम काढा. दिवाळीवर ढकलू नका, त्या वीकेंडला फराळ, मंडळाचा कार्यक्रम, पाहुणे, त्यात हे राहूनच जातं. आणखी एक म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर इथल्या बऱ्याच पार्कांत नळांचं पाणी बंद करतात, त्यामुळे सीझनची शेवटची ट्रिप अशी ठरवा की ब्लॅक टँक (टॉयलेटच्या घाणीची टाकी) आणि ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) तिथल्याच डंप स्टेशनवर रिकामे करून, नीट धुवून घरी येता येईल. घराच्या ड्राइव्हवेत उभं राहून ब्लॅक टँकचं काय करायचं हा प्रश्न कोणालाच नको असतो. आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी होज धुवून काढतं.

आता सामान. गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ तीन गॅलन घ्या, वॉशिंग मशीन असेल तर आणखी दोन. डब्यावर प्रोपिलीन ग्लायकॉल लिहिलेलं आहे ना ते बघूनच घ्या. स्वस्तातल्या काही डब्यांत इथेनॉल असतं, ते रबराची सीलं कोरडी करतं आणि पेट घेऊ शकतं, दोन-तीन डॉलर वाचवायला ते घेऊ नका. आणि कारच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं एथिलीन ग्लायकॉलवालं चुकूनही नको, ते विष आहे, पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये ते कधीच जाता कामा नये, त्याला गोडसर चव असते त्यामुळे घरात कुत्रा-मांजर किंवा लहान मूल असेल तर डबा सुद्धा उघडा ठेवू नका. डब्यावर उणे ५० लिहिलेलं असतं त्याचा अर्थही समजून घ्या, तेवढ्या थंडीपर्यंत पाईप फुटणार नाही असा तो आकडा आहे, ते द्रव मात्र १०-१५ फॅरनहाइटच्या आसपासच रबडीसारखं घट्ट व्हायला लागतं. म्हणजे जानेवारीत सिंकखाली वाकून बघितलंत आणि ते घट्ट दिसलं तर घाबरू नका. मिनेसोटाच्या उत्तरेला किंवा मॅनिटोबात राहत असाल तर मात्र उणे १०० वालं घ्या.

वॉटर हीटरपासून सुरुवात करा आणि इथे घाई अजिबात नको. हीटर गॅसवर आणि विजेवर, दोन्हीकडून बंद करा, बाहेरून आलेलं पाणी आणि पंप दोन्ही बंद करा आणि हीटर पूर्ण थंड होऊ द्या, आदल्या रात्रीच बंद केला तर सगळ्यात बरं. मग गाडीच्या आतला एक गरम पाण्याचा नळ उघडून प्रेशर सोडा, बाहेरच्या झाकणाआड वरच्या बाजूला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची छोटी दांडी असते ती उचला, आणि त्यानंतरच खालचा प्लग काढा, तोही समोर उभं राहून नाही, बाजूला उभं राहून. सबर्बन कंपनीचा हीटर असेल तर त्या प्लगला आतून लांब दांडा लागलेला असतो, तो अॅनोड रॉड, त्याला १ पूर्णांक १/१६ इंचाचं सॉकेट लागतं. हा दांडा मुद्दाम गंजायलाच ठेवलेला असतो, तो गंजतो म्हणून टाकीचं स्टील वाचतं. बाहेर काढला की त्याच्याकडे नीट बघा, नवा असताना अंगठ्याएवढा जाड असतो, दोन-तीन सीझननंतर कुठे खड्डे, कुठे नुसती मधली तार उरलेली, आणि मागोमाग टाकीतून पांढरी खडूसारखी पूड पाण्याबरोबर बाहेर येते. तीन-चतुर्थांश खाल्ला गेला असेल तर वसंतात नवा टाका, फार महाग नसतो. ॲटवूड कंपनीच्या हीटरची टाकी ॲल्युमिनियमची असते, तिला प्लॅस्टिकचा प्लग असतो, त्यात अॅनोड रॉड घालायचा नसतो, कोणी सांगितलं तरी घालू नका. टाकी रिकामी झाली की बागेच्या होजने आत थोडं धुवून ती पूड काढून टाका.

मग ताज्या पाण्याच्या टाकीचा ड्रेन उघडा, गाडीखाली लो पॉइंट ड्रेनच्या (पाईपातलं पाणी सगळ्यात खालून सोडायच्या) दोन नळ्या असतात, एक गरम एक गार, त्यांची टोपणं काढा, आतले सगळे नळ उघडा आणि वाहू द्या. गाडीचं तोंड जॅकने जरा वरखाली केलंत तर अडकलेलं पाणी आणखी निघतं. पाणी थांबलं की पंप अर्धा मिनिट चालवा, त्याच्या पोटात असतं ते बाहेर येईल, पण कोरडा जास्त वेळ फिरवू नका. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर लावला असेल तर कार्ट्रिज काढून फेका, त्याचं भांडं रिकामं करून परत लावा, फिल्टरमधून अँटीफ्रीझ नेऊ नका.

इथे काही जण थांबतात, म्हणतात सगळं पाणी गेलं. नाही गेलेलं. पाईप कुठेतरी खाली झुकलेला असतो, कोपऱ्यात वळसा असतो, तिथे राहतंच. मी कॉम्प्रेसरने हवा मारूनच पुढे जातो. सिटी वॉटरच्या तोंडाला (बाहेरची पाण्याची होज जोडतो तिथे) लावायचा ब्लोआउट प्लग मिळतो, त्यावर हवा ३०-४० पीएसआयच ठेवायची, त्याच्या वर गेलात तर जोड निसटतात, आणि एका वेळी एक नळ उघडून त्यातून नुसती फुसफुस यायला लागेपर्यंत सोडायची. काही लोक फक्त हवेवर भागवतात आणि गुलाबी घालतच नाहीत. त्यांचं चालतही असेल, मला ते पटत नाही, कारण पंपात आणि व्हॉल्व्हांच्या आत थेंब राहतातच. आणि नुसतं गुलाबी घालणाऱ्यांची अडचण अशी की आत राहिलेल्या पाण्यात ते पातळ होतं, मग डब्यावरचा उणे ५० चा आकडा तुमच्या पाईपाला लागू होत नाही. आधी हवा, मग गुलाबी, दोन्ही करा, अर्धा तास जास्त जातो बस.

आता लो पॉइंटची टोपणं परत लावा, हीटरचा प्लग लावा (किंवा काढून पिशवीत घालून ठेवा, पण मग भोकात जाळी तरी कोंबा), आणि हीटरच्या मागचा बायपास फिरवा. बायपास म्हणजे हीटरला वगळून पाणी सरळ गरम पाण्याच्या लाइनमध्ये पाठवणारे व्हॉल्व्ह, कुठल्या गाडीत एक असतो, कुठे दोन, कुठे तीन, आणि ते बहुतेक वेळा बेडखाली नाहीतर कपाटाच्या मागच्या फळीआड असतात. हे विसरलात तर पहिले सहा गॅलन, मोठा हीटर असेल तर दहा गॅलन अँटीफ्रीझ हीटरच्याच पोटात जाईल आणि नळाला काहीच येणार नाही. तीन व्हॉल्व्ह असतील तर हीटरच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा आडवे करून बंद, मधला जोडणारा उघडा.

पंपाच्या अलीकडे बऱ्याच गाड्यांत एक छोटी सायफनची नळी आणि व्हॉल्व्ह असतो, नसेल तर ते किट वीसेक डॉलरला मिळतं आणि एकदा बसवलं की कायमचं काम झालं. नळी डब्यात बुडवा, व्हॉल्व्ह फिरवा, पंप चालू करा. पंपाजवळचा नळ आधी, लांबचा शेवटी. गार उघडा, गुलाबी रंग स्पष्ट दिसेपर्यंत थांबा, बंद करा, मग गरम. पहिल्यांदा फिक्कट गुलाबी येतं त्यावर समाधान मानू नका, डब्यातल्यासारखाच गडद रंग दिसला पाहिजे. घरातलं कोणीतरी डब्याजवळ बसवा, डबा संपत आला की ओरडून सांगायला, नाहीतर पंप हवा ओढतो.

किचन आणि बाथरूमचे नळ सगळे करतात. राहतात ते दुसरेच. बाहेरचा शॉवर, जो बाजूच्या छोट्या दारामागे असतो आणि उन्हाळ्यात पोरांचे वाळूचे पाय धुण्यापलीकडे वापरला जात नाही, त्याचंही गरम-गार दोन्ही काढा आणि त्याची होज खाली लोंबवून रिकामी करा. आतला हँड शॉवरही खाली सोडा. टॉयलेटचं पेडल गुलाबी येईपर्यंत दाबा आणि बाऊलमध्ये थोडं राहू द्या, रबराची सील ओली राहते. आणि आपल्या लोकांसाठी खास, टॉयलेटशेजारी जेट स्प्रे बसवलेला असतो ना आपण, गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात, तो कंपनीने दिलेला नसल्यामुळे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेला नसतो आणि नेमका तोच राहतो. त्याच्या टी-व्हॉल्व्हमध्ये, होजमध्ये आणि त्या दांडीच्या डोक्यात पाणी बसलेलं असतं. स्प्रे दाबून त्यातूनही गुलाबी काढा, मग होज खोलून घरी आणलीत तर उत्तमच. ब्लॅक टँक धुवायची वेगळी लाइन असेल तर तिच्यात हवा मारा. फ्रिजला आइस मेकर असेल तर त्याची लाइनही.

शेवटी राहतं सिटी वॉटरचं तोंड, जिथे उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडची होज लावतो ते. पंप बंद करून एक नळ उघडा, प्रेशर जाऊ द्या, हे आधी केलं नाही तर आतला तुकडा उडून येऊ शकतो. तोंडातली गोल जाळी नखाने काढा. आत मधोमध पांढरा प्लॅस्टिकचा छोटा गोळा दिसतो, तो चेक व्हॉल्व्ह, पाणी आत जाऊ देतो बाहेर येऊ देत नाही, आणि त्याच्या मागे इंच-दोन इंच साधं पाणी अडकून असतं जिथे आतून अँटीफ्रीझ पोचतच नाही. आता नळ बंद करा, पंप क्षणभर चालू करून थोडं प्रेशर येऊ द्या आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तो गोळा हलकेच दाबा. आधी पाणी उडेल, मग गुलाबी चिळकांडी, ती दिसली की सोडा. अंगावर जुना टीशर्ट असू द्या. जाळी धुवून परत बसवा. मग सिंक, शॉवर, सगळ्या मोऱ्यांत कपभर गुलाबी ओता म्हणजे खालच्या पी-ट्रॅपमधलं (वाकड्या पाईपातलं) पाणी जाऊन ते बसेल, आणि दोन-तीन कप ग्रे आणि ब्लॅक टँकमध्ये जाऊ द्या, त्याने डंपच्या व्हॉल्व्हांची सीलं सुकत नाहीत.

पाण्याचं काम झाल्या झाल्या एक चिठ्ठी लिहा: हीटर रिकामा आहे, बायपासवर आहे, स्विच लावू नये. आणि ती हीटरच्या विजेच्या स्विचवर टेपने चिकटवा. रिकाम्या हीटरचा इलेक्ट्रिक एलिमेंट कोरडा पेटला की मिनिटभरात जातो, आणि वसंतात पहिल्या उत्साहात घरातलं कोणीही ते बटण दाबू शकतं.

पाण्यानंतर माझ्या मते दुसरा शत्रू उंदीर. इथले शेतातले उंदीर पाव इंचाच्या भोकातून आत येतात आणि आपल्या गाडीत त्यांना जे मिळतं ते बाकीच्यांच्या गाडीत मिळत नाही: दाण्याचं कूट, पोहे, चिवडा, तूरडाळ, भाजणी. सगळं काढा, अगदी सगळं, मसाल्याचा डबा सुद्धा, मिठापर्यंत. फक्त झाकण घट्ट आहे म्हणून ठेवू नका, प्लॅस्टिकचा डबा ते सहज कुरतडतात. कपाटं पुसून घ्या, टोस्टरचा ट्रे झाडा, डायनेटच्या, म्हणजे जेवायच्या बाकांच्या, गाद्यांच्या खाली पोरांनी सांडलेलं असतं ते व्हॅक्युम करा. साबण, टिशू, टॉयलेट पेपर पण घरी आणा, त्याचं घरटं करतात. मग गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि जिथे जिथे पाईप किंवा वायर फ्लोअरमधून आत जाते तिथली फट बघा. नुसता फोम ते खातात, आधी स्टील वूल किंवा तांब्याची जाळी कोंबा, वरून फोम. विजेची जाड केबल आत ढकलतो ते छोटं दार नीट लागतंय का बघा, तो त्यांचा आवडता दरवाजा. पेपरमिंटचं तेल, ड्रायर शीट्स याने उंदीर जातात असं बरेच जण सांगतात, माझा त्यावर भरवसा नाही, साधे चापाचे सापळे बरे. विष ठेवू नका, भिंतीच्या आत मेला की तो वास पुढचा सगळा उन्हाळा सोबत येतो.

बॅटरी. लेड ॲसिड असेल तर पूर्ण चार्ज करा, १२.६ च्या वर व्होल्ट दिसले पाहिजेत. भरलेली बॅटरी उणे ६० पर्यंत सुद्धा गोठत नाही, पण उतरलेली २० फॅरनहाइटलाच गोठते आणि फुगून तिचं बाहेरचं खोकं तडकतं. बॅटरी डिस्कनेक्टचा स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजू नका, गॅस डिटेक्टर बऱ्याच गाड्यांत त्याला वळसा घालून जोडलेला असतो आणि गुपचूप बॅटरी उतरवतो. निगेटिव्हची तार आधी काढा, बॅटरी उचलून तळघरात आणा, महिन्यातून एकदा चार्जर लावा. लिथियम असेल तर अर्ध्याच्या थोडी वर चार्ज करून ठेवा आणि ३२ फॅरनहाइटच्या खाली असताना तिला कधीही चार्ज करू नका.

बाकीचं भरभर. प्रोपेनच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये आणायचे नाहीत, बाहेरच राहू द्या. फ्रिज पुसून कोरडा करा आणि दार उघडं राहील अशी पट्टी अडकवा. ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छप्पर) ओलं गुंडाळू नका, बुरशी धरतं. स्लाइड्स (बाहेर सरकणारे खोलीचे भाग) आत घ्या, त्याआधी त्यांच्या माथ्यावरची पानं झाडा आणि रबरी सीलांवर सील कंडिशनर मारा. टायरमध्ये बाजूला लिहिलेल्या कमाल प्रेशरएवढी हवा भरा, खाली लाकडी फळ्या द्या, उन्हाची झळ लागू नये म्हणून टायर झाका, आणि त्या निमित्ताने टायरवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, तेव्हा पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नुसती नक्षी चांगली दिसते म्हणून अजून एक सीझन ओढू नका.

छताला मात्र वेळ द्या, आणि तो सप्टेंबरमध्येच, कारण सेल्फ लेव्हलिंग सीलंट थंडीत नीट पसरत नाही. व्हेंट, अँटेना, एसी, स्कायलाइट यांच्या भोवतीचं पांढरं सीलंट बोटाने दाबत जा, कुठे कडा उचललीय, कुठे केसाएवढी चीर पडलीय बघा, साफ करून तिथे नवं घाला. चिरेत गेलेलं पाणी गोठतं, चीर रुंद करतं, वितळून आणखी आत जातं, असं सगळा हिवाळा चालतं. कव्हर घालायचं तर हवा खेळणारं, गाडीच्या मापाचं. हार्डवेअरच्या दुकानातली निळी ताडपत्री नको, आत वाफ धरते आणि वाऱ्याने फडफडून रंग घासून काढते. छताच्या पन्हळीचे प्लॅस्टिकचे कोपरे टोकदार असतात, त्यांना जुना टॉवेल बांधा नाहीतर नवं कव्हर एका वादळात फाटतं. आत ओल शोषणाऱ्या दोन बादल्या, एक बाथरूममध्ये आणि एक बेडजवळ.

मोटरहोमवाल्यांनी एवढं जास्तीचं करा: पेट्रोलची टाकी भरून स्टॅबिलायझर घाला, मग इंजिन आणि जनरेटर दोन्ही दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे ते आतपर्यंत पोचेल, कूलंट तपासा, आणि काच धुवायचं पाणी हिवाळ्यातलं भरा, उन्हाळ्याचं पाणी गोठून टाकी फोडतं.

एवढं करून कव्हर घातलं की मार्चपर्यंत विसरून जाऊ नका. महिन्यातून एकदा, जोराचा बर्फ पडून गेल्यावर तर नक्कीच, चक्कर मारा. छतावर फूटभर ओला बर्फ साचला असेल तर फोमच्या ब्रशने शिडीवरून किंवा जमिनीवरून ओढून काढा, छतावर चढू नका, घसरायला होतं. आत जाऊन सापळे बघा, ओल शोषणाऱ्या बादल्यांत पाणी जमलं असेल ते घरी आणून ओता, कव्हरच्या सैल झालेल्या दोऱ्या आवळा. आणि ख्रिसमसच्या सुट्टीत फ्लोरिडा किंवा टेक्ससला गाडी घेऊन जायचा विचार असेल तर दोन गॅलन गुलाबी जास्तीचं घेऊन ठेवा, बर्फाच्या पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत पाणी भरू नका, टॉयलेटला बाटलीतलं गुलाबीच वापरा, आणि परत येताना टेनेसीच्या वर येण्याआधी एखाद्या कॅम्पग्राउंडवर थांबून हे सगळं पुन्हा करा.